फक्त इनकमिंग

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बहिणीला नाही, पेपरच्या डेस्कवर ज्याच्या शेजारी अर्धं आयुष्य काढलं त्या मित्रालाही नाही. बातमी असती तर मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात आली असती. नव्या पोरांना मी तेच शिकवत आलो. पण ही गोष्ट पहिल्या वाक्यात बसत नाही. मी बसवून पाहिली. दर वेळी आधी दुसरंच काहीतरी लिहून होतं. तेव्हा थोडा वळसा पडेल.

आबा म्हणजे माझे वडील. मंगळवार पेठेतल्या दोन खोल्यांत राहायचे, आई गेल्यानंतर एकटेच. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला फ्लॅट घेतला, चला म्हटलं, आले नाहीत. आयुष्यभर फाउंड्रीत साचे करण्याचं काम. यंत्रांच्या आवाजात ओरडून बोलायची सवय लागलेली, ती फोनवरही सुटली नाही. फोन साधा, बटणांचा. त्यावरून ते दोनच माणसांना फोन करायचे. एक मी. दुसरे दस्तगीर चाचा.

चाचांचं गल्लीच्या तोंडाला गाद्या भरायचं दुकान होतं. दोघांची दोस्ती माझ्या जन्माआधीची. सकाळी जो आधी उठेल त्यानं दुसऱ्याला एक रिंग द्यायची आणि कट करायचं. उचलायचं नाही. एक रिंग म्हणजे उठलोय. उलट एक रिंग म्हणजे मी पण. मग तालमीजवळच्या टपरीवर चहा. आबा त्याला ‘हजेरी’ म्हणायचे. पुढे चाचांचे हात थरथरायला लागले, दुकान बंद झालं. त्यांचा मुलगा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला. त्यानं त्यांना कागलला नेलं. टेम्पोत सामान चढवताना आबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, “जा आता सुनंच्या हातचं खायला. आम्हास्नी कशाला वळख देतोस!” चाचा खो खो हसले. म्हणाले, “तुला इसरायला आधी तू कमी बोलाय पायजेस की रं!”

चहा संपला. हजेरी राहिली. मंगळवार पेठेतून एक रिंग, कागलहून एक रिंग. मधूनमधून दोघं बोलायचेही, पण रोजचं म्हणजे ते तेवढंच. मला ते पोरकट वाटायचं — हे इथे लिहून ठेवतो, कारण मला त्या रिंगची माहिती नव्हती असं नाही.

मला मात्र आबांचा फोन संध्याकाळी यायचा. उद्याच्या अंकाची पानं लावायच्या वेळी. बरोबर त्याच वेळी का? बरीच वर्षं मला वाटत होतं की त्यांना दुसरा उद्योग नाही. खरं कारण मला ठाऊक होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही. संध्याकाळी पेपर तयार होतो हे त्यांना माहीत होतं, आणि ते मला बातमी देत होते. “लिहून घे. गिरणीच्या कोपऱ्यावर पाइप फुटलाय. सकाळपास्नं पाणी वाया चाललंय. फोटोवाल्याला धाड.” किंवा, “रंकाळ्याच्या पाण्यावरचं केंदाळ काढाय मशीन आलंय, पर चालवणारा न्हाय.” मी “बरं बरं” म्हणून ठेवायचो. त्यातलं काही मी कधी छापलं नाही. फुटलेला पाइप दुसऱ्या दिवशी शेजारच्या पेपरात फोटोसह आला होता.

त्यांचा आवाज फोनबाहेर यायचा. अख्खा डेस्क ऐकायचा. एकदा वृत्तसंपादक सगळ्यांसमोर म्हणाले, “अहो, वडिलांना इथंच एक खुर्ची देऊ या का? आपले निम्मे बातमीदार तरी कमी करता येतील!” सगळे हसले. मी पण हसलो. त्या दिवशी माझ्या मनात काय आलं ते मला आजही शब्दांत धरता येत नाही. राग म्हणावा तर तो कुणाचा? संपादकांचा नव्हता.

त्याच सुमारास मोबाइलचे दर वाढले. आबांनी विचारलं, “मला नेट कशाला? शिनेमा बघतोय का मी? मला तुला नि दस्तगीरला फोन लागला की झालं. परवडंल असं कायतरी बघ की.” मी नाहीतरी पुरवणीसाठी तेच लिहीत होतो — ज्येष्ठांसाठी स्वस्त मोबाइल प्लॅन कसा निवडावा. चौकोनी तक्ता केला. कोणत्या प्लॅनला किती मुदत, नेट नको असेल तर काय, फक्त बोलण्यासाठी काय. हे काम मला चांगलं जमतं. कुठली कंपनी बारीक अक्षरात काय लपवते ते मी काढून दाखवायचो.

त्या तक्त्यात दोन प्लॅन आबांच्या कामाचे होते. एक नेट नसलेला, बोलायला मोकळा. दुसरा त्याहून थोडा स्वस्त — नंबर बराच काळ चालू राहतो, येणारे फोन येतात, पण बोलण्यासाठी दिलेले पैसे अगदी थोडे. ते संपले की इथून फोन लागत नाही. रिंगसुद्धा जात नाही. मधेच एक बाई शिल्लक अपुरी असल्याचं सांगते. लेखात मी स्वच्छ वाक्य लिहिलं होतं: ‘ज्यांना स्वतः फोन करावे लागतात अशा ज्येष्ठांनी हा प्लॅन घेऊ नये.’

मी आबांसाठी तोच घेतला.

दोन्हींच्या किमतीतला फरक डेस्कवरच्या एका वेळच्या चहा-भज्यांएवढा होता. तेव्हा पैशासाठी केलं असं मला म्हणता येत नाही. संध्याकाळचा फोन बंद व्हावा म्हणून केलं. आणि मग आठवलं, आबा माझा लेख वाचणार. चष्म्यावर भिंग धरून शब्द न् शब्द वाचायचे ते. पान छपाईला सुटायच्या आधी मी ते एक वाक्य काढलं. जागा कमी पडत होती, असं पानं लावणाऱ्याला सांगितलं. जागा कमी पडत नव्हती. ती भरायला मी काठीवाल्या आजोबांचं एक चित्र टाकलं.

लेख गाजला. आबांनी तो टपरीवर सगळ्यांना दाखवला. “माझ्या पोरानं लिवलंय. ह्यातला ह्यो स्वस्तातला डोळं झाकून घ्यायचा.” टपरीवरच्या दोघातिघांनी घेतलाही. मग आबांनी मला चाचांचा नंबर दिला — “त्याच्या फोनला पण त्योच मार. त्याचा पोरगा ड्युटीवरनं दमून येतोय, त्याला कुठं तरास.” मी माझ्या फोनवरून चाचांच्या फोनवरही तोच मारला. तेव्हा थांबायला हवं होतं का? थांबलो असतो तर कारण सांगावं लागलं असतं. ऑफिसात वाचकांचे आभाराचे फोन आले. तक्रारीचा एकही आला नाही. ज्यांची तक्रार होती, त्यांच्या फोनवरून फोन लागत नव्हता.

थोड्याच दिवसांत आबांच्या फोनमधले बोलायचे पैसे संपले. मी रविवारी गेलो तेव्हा फोन पुढे करून म्हणाले, “आऊटगोइंग जात न्हाय की रं. बाई बोलतीया कायतरी.” मी म्हणालो, “ज्येष्ठांच्या प्लॅनमध्ये तसंच असतं, आबा. कंपनीचा नियम आहे. येणारा फोन येतो ना? मग झालं. आणि दुकानात जाऊ नका, ते महागडं काहीतरी गळ्यात मारतात.” त्यांनी फोन हातात फिरवून पाहिला. “म्हाताऱ्यानं बोलायचं न्हाय, नुसतं ऐकायचं. बेस हाय नियम.” असं म्हणून ते हसले, आणि चहा टाकायला उठले.

संध्याकाळ शांत झाली. मी वेळेवर पानं सोडू लागलो.

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. आबांची रिंग कागलला जाईना, चाचांची मंगळवार पेठेत येईना. दोन्ही फोन चार्ज केलेले, दोन्ही चालू, दोन्हींवर फक्त येणारा फोन येणार. आणि दोघं एकमेकांच्या फोनची वाट बघत बसलेले. चाचांना आपल्या मुलाचा फोन मागता आला असता. आबांना शेजारच्याचा. पण रोजची हजेरी दुसऱ्याच्या फोनवरून कशी देणार? आणि ज्याची येत नाही त्याला आपण होऊन का विचारायचं? कागल काही लांब नाही, एसटीनं कितीसा वेळ. पण आबांचे गुडघे गेलेले, आणि दोस्ताच्या पोराच्या घरी बोलावल्याशिवाय जाऊन बसायचं त्यांच्या रीतीत नव्हतं.

इथपर्यंत मी जे सांगितलं ते वाईट आहे, पण ते माझं खरं सांगणं नाही. मी अजून वळसाच घालतोय.

एका रविवारी आबा म्हणाले, “तुझ्या फोनवरनं दस्तगीरला एक लाव की.” मला कुठेतरी जायचं होतं. कुठे, ते आठवत नाही. म्हणालो, घरी गेल्यावर लावतो. लावला नाही. पुढच्या रविवारी त्यांनी दारातच विचारलं. मी चपला काढत होतो. म्हणालो, “लावला होता, आबा. उचलला नाही.”

“रिंग गेलती?”

“गेली होती.”

“पुरी?”

“पुरी.”

फोन माझ्या खिशात होता. नंबर त्यात होता. त्या क्षणी लावला असता तर चाचा बोलले असते. मी का लावला नाही? लावला असता तर आपली रिंग का जात नाही हे दोघांनी एकमेकांना सांगितलं असतं, आणि कुणीतरी दोन्ही फोन घेऊन दुकानात गेलं असतं. हे मी तेव्हा इतकं नीट मांडलं होतं का? मांडलं होतं. तेवढं डोकं मला आहे. पुढे आणखी दोनदा त्यांनी विचारलं, दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं. नंतर त्यांनी विचारणं सोडलं. एकदा आपणहून म्हणाले, “त्या दिशी टेम्पोम्होरं मी बोललो नव्हं का, सुनंच्या हातचं... लागलं असंल त्याला. चारचौघांत बोलाय नको हुतं मी.” मी वर्तमानपत्र वाचत होतो. वाचत राहिलो.

चाचा गेल्याचा फोन त्यांच्या मुलानं आबांना केला. येणारा फोन होता, आला. आबांना मात्र तिथून कुणाला कळवता येईना. ते पायऱ्या उतरून शेजाऱ्यांकडे गेले आणि तिथून मला फोन केला. मी त्यांना गाडीतून कागलला नेलं.

मयतीनंतर चाचांचा मुलगा आबांजवळ येऊन बसला. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “अब्बांचा फोन कायम उशाशी. वाजला की आधी विचारायचे, पेठेतला हाय का बघ. मी म्हटलं, माझ्या फोनवरनं लावून देतो. तर म्हणायचे, नको, काम असंल त्याला, करंल. एकसुद्धा फोन हातातनं चुकवला न्हाय त्यांनी, काका. झोपेतनं उठून घ्यायचे.”

आबांनी मान हलवली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच, फार वेळ नाही. त्या अंगणात बरीच माणसं होती. परत येताना मी काहीतरी विचारेन, ते काहीतरी विचारतील, असं वाटत होतं. ते काचेतून बाहेर बघत म्हणाले, “ऊस बरा हाय औंदा.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या फोनवर बोलायला मोकळा असलेला प्लॅन मारला. रविवारी जाऊन सांगितलं, “आता फोन लागेल, आबा. कंपनीनं नियम बदलला.” तेव्हाही खोटंच बोललो. खरं सांगायला ती जागा होती, वेळ होती, घरात आम्ही दोघंच होतो.

आबा म्हणाले, “बदलला व्हय? बरं केलं कंपनीनं.” मला चहा दिला. साखर जास्त झालीय का विचारलं. ते कंपनीबद्दल आणखी काही बोलले नाहीत, आणि मला वाटलं सुटलो. खरंच असं वाटलं मला.

लेखातलं काढलेलं वाक्य मी नंतरही छापलं नाही. दुरुस्तीचा चौकोन आमच्या पेपरात रोज असतो. नावाचं, गावाचं, तारखेचं चुकलेलं त्यात येतं.

त्यानंतर आबा एक पावसाळा आणि पुढचा उन्हाळा होते. प्लॅन मी वेळेवर भरत राहिलो. पेठेत तेव्हा गटारी तुंबल्या, एक झाड पडलं, नळाला आठवडाभर पाणी नव्हतं. हे मला आमच्या बातमीदारांकडून कळलं. आबांच्या फोनवरून आता कुणालाही फोन लागत होता. संध्याकाळी पानं लावताना मी माझा फोन मुद्दाम टेबलावर, समोर ठेवायचो. त्यांनी मला पुन्हा कधीच फोन केला नाही.