नखानं पाहिलेलं शिसं

बंदुकीची नळी फुटली तेव्हा मी मालकांच्या मागं, भुईमुगाच्या बांधावर उभी होते. आवाज नेहमीचा नव्हता. धूर गेल्यावर ते खाली बसलेले दिसले. डावा हात होता, पण मनगटाखाली काय उरलंय ते कळत नव्हतं. मी लुगड्याचा पदर फाडून त्यांच्या दंडाला आवळला. रानडुक्कर तुरीत शिरून निघून गेलं.

गोळी मी ओतलेली होती.

मंद्रूपच्या बाजूला आमचं रान. डुकरं भुईमूग उकरून टाकायची, म्हणून मालकांकडं परवान्याची ठासणीची बंदूक होती. गोळ्या घरीच ओतायच्या. घरातला सगळा जाळ माझ्याकडं, त्यामुळं हे कामही माझ्याच गळ्यात आलं. नुसतं शिसं मऊ पडतं. त्यात सोलापूरच्या भंगारवाल्याकडून आणलेले छापखान्याचे झिजलेले खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, घालायचे. मग गोळी कडक होते. किती घालायचे याला माप नव्हतं. गार झालेल्या गोळीवर अंगठ्याचं नख दाबायचं. बारीक खूण उमटली की गोळी बरोबर. हे मला सासऱ्यांनी शिकवलं होतं.

नळी फुटायच्या आधीच्या आठवड्यात मालकांची गोळी लागूनही एक डुक्कर पळालं. दुसऱ्या दिवशी ओढ्यात मेलेलं सापडलं. सासऱ्यांनी त्याच्या खांद्यातली गोळी काढून माझ्यापुढं टाकली. हाडावर आपटून ती चपटी झाली होती.

"सूनबाई, ही गोळी हाय का भाकरी?"

"मामा, नख उमटाय पायजे म्हणून तुमीच सांगितलं."

"नख म्हणलो व्हतो. आख्खा अंगठा न्हाय की!"

मालक हसले. "आबा, तिला थापायचंच ठावं हाय. चुलीवर ठेवलं की भाकरीच व्हणार."

मला ते लागलं. पुढच्या खेपेला मी दोन मुठी जास्त खिळे घातले. नख दाबलं तर काही उमटेना. म्हटलं, आता कोण काय बोलतंय बघू. कडक शिसं गार होताना कमी आकसतं आणि गोळी केसभर मोठी निघते, हे मला ठाऊक नव्हतं. सासऱ्यांना ठाऊक होतं. पण मी त्यांना त्या गोळ्या दाखवल्याच नाहीत.

दिवस मावळायच्या आधी डुक्कर आलं. मालकांनी दारू भरली आणि वरून गोळी गजानं ठासली. ती मध्येच अडकली.

"खाली जात न्हाई वाटतं," मी म्हणाले.

"तू गप उभी ऱ्हा."

त्यांनी पुन्हा गज मारला. डुक्कर तोंड वर करून आमच्याकडं बघत होतं. "बास झालं," म्हणाले आणि चाप ओढला. दारू आणि गोळी यांच्यात पोकळी राहिली की नळी फुटते.

सासऱ्यांनी गाडी जुंपली. बैल जुवाखाली घेताना त्यांनी एवढंच विचारलं, "किती खिळं घातलं व्हतंस?" मी सांगितलं. त्यांनी बैल हाकले. सडकेला एसटी मिळाली. सोलापूर येईपर्यंत मालक कण्हत होते.

"पदर सोड की. लई आवळलंय."

"सोडत न्हाई. गप बसा."

दवाखान्यात तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. चार दिवस ताप उतरला नाही. डॉक्टर रोज म्हणायचे, उद्या सांगतो. मी खाटेजवळ खाली बसून राहायचे. झोप यायची नाही आणि जागंही राहवायचं नाही. पाचव्या दिवशी मालकांनी चहा मागितला, तेव्हा मी उठून चहा आणायला गेले. जिन्यात दोनदा बसावं लागलं.

त्या वर्षी औत सासऱ्यांनी आणि मी धरलं. घरात मला कुणी टाकून बोललं नाही. मीही कुणाची माफी मागितली नाही.

मालक वाचले. त्यानंतर अठ्ठावीस वर्षं जगले.