आमचे व्याही असेंब्ली शिकतात

सबंध रायगड जिल्ह्यात, किंबहुना अख्ख्या महाराष्ट्रात, सुनेच्या बापाला "तुमाला अक्कल नाय, हे आधी लक्षात ठेवा" असं सुनावून वर त्याच्याच घरचा शिरा मागून खाणारा व्याही एकच असेल, आणि तो माझ्या वाट्याला आला आहे. बरं, यात अपमान नव्हता. त्या घटकेला मी प्रोसेसर होतो. प्रोसेसरला स्वतःची अक्कल नसते, तो फक्त आज्ञा पाळतो, हे त्यांनी मला इतक्या प्रेमानं सांगितलं की रागवावं की आभार मानावेत, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

झालं ते असं. आमची मुलगी कर्जतकडच्या एका कॉलेजात संगणकाची रचना शिकवते. गेल्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती खालापूरजवळच्या एका गावात नांदायला गेली. घर भातशेतीचं, माणसं चांगली. पण पोर तिथे गेली ती गप्पच झाली. फोनवर "बरं आहे"च्या पुढे गाडी सरकेना. "तिला करमत असेल ना हो तिकडे?" असं आमची ही मला उठता बसता विचारी. मला काय ठाऊक! मी जन्मभर नेरळला भूगोल शिकवला. अशात एके सकाळी व्याही स्कूटरवरून दारात हजर. बियाण्याच्या पिशवीतून त्यांनी लॅपटॉप बाहेर काढला. "सूनबाई घरात बोलतच नाय," ते म्हणाले. "पोर गुणाची हाय, पन आमी तिच्याशी बोलायचं काय? भाताचं? तिचा विषय मला आला पायजे. तिला इतक्यात सांगू नका. तुमी तिचे वडील, तुमाला येतच असंल." मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, असं मी कबूल केलं. त्यावर त्यांचा चेहरा खुलला. "मग लय बरं झालं! ज्याला कायपन समजत नाय, त्याला समजावलं की आपल्याला समजतं."

बंद झाकणावर या माणसाचा विश्वास नाही. नवा मिक्सर आणला की आधी त्याचे स्क्रू निघतात. मुलाच्या लग्नात वरात थांबवून त्यांनी बेंजोवाल्यांचा कीबोर्ड उघडून पाहिला होता. त्यामुळे संगणकाचं पोट पडद्यावर उघडं करून दाखवणारा सिम्युलेटर सापडला तेव्हा त्यांना कोण आनंद झाला! बटण दाबलं की तो एक आज्ञा पाळतो आणि थांबतो. आत काय हललं ते दिसतं. त्या आज्ञांची भाषा म्हणजे असेंब्ली. मला ते पडद्यावर दिसेना, म्हणून व्याह्यांनी आमचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. मांडणीवरचे डबे म्हणजे मेमरी, चार वाट्या म्हणजे रजिस्टर. या डब्यातलं त्या डब्यात थेट टाकायचं नाही. आधी वाटीत घ्यायचं, मगच पुढे. "असं का?" मी विचारलं. "प्रोसेसर 'का' विचारत नाय," व्याही म्हणाले. मग त्यांनी मला शेंगदाण्यांचा कार्यक्रम दिला. वाटी भरा, एक दाणा काढा, वाटी रिकामी झाली नसेल तर परत पहिल्या ओळीवर. मी दाणा काढी, पहिल्या ओळीवर जाई आणि वाटी पुन्हा भरे. जेवायची वेळ झाली तरी मी काढतोच आहे! शेवटी हिनं वाटी ओढून नेली. "मेमरी गेली," व्याही हळहळले, आणि चूक माझ्या हाताची आहे असं ठरवून निघून गेले. मलाही ते पटलं.

पुढे ते स्टॅकपाशी आले. शेवटी ठेवलेलं आधी काढायचं, एवढाच तो नियम. तो त्यांनी थेट घरच्या तांदळाला लावला. जुन्या तांदळाच्या गोण्या तळाला, नव्याच्या वर. आम्ही जेवायला गेलो तर पानात नव्या तांदळाचा गोळा. विहीणबाई ओशाळल्या. "खाली जुना हाय, पन हे काढूच देत नाय." "स्टॅक हाय," व्याही शांतपणे म्हणाले, "वरचंच निघणार." तो शब्द ऐकून आमच्या मुलीनं चमकून मान वर केली आणि पुन्हा ओठ दाबून पानाकडे बघत बसली. ती हसू दाबते आहे की रडू, ते मला कळेना. परतीच्या वाटेवर "तिला करमत नाही हो" हे हिनं मला चारदा ऐकवलं.

म्हणून मी मुलीला चार दिवस माहेरी आणायचं ठरवलं. तिला वालाचं बिरडं फार आवडतं. हिनं वाल भिजत घातले आणि मी निघालो. व्याही ओटीवर लॅपटॉपशी झगडत होते. एक ते दहाची बेरीज काही केल्या संपत नव्हती. एरवी सुनेची चाहूल लागली की ते झाकण मिटत. त्या दिवशी राहिलं. मुलगी माझ्यासाठी पाणी घेऊन आली, तिची नजर पडद्यावर गेली आणि तिथेच थांबली.

"अहो आप्पा, हे काय! दर वेळी पहिल्या ओळीवर काय उडी मारताय? तिथे बेरीज पुन्हा शून्य होते. हे जन्मभर चालेल!"

एवढा मोठा आवाज त्या घरानं तिच्या तोंडून ऐकला नव्हता. विहीणबाई पिठाच्या हातांनी धावत बाहेर आल्या. व्याही मात्र पडद्यावरून नजर न काढता म्हणाले, "मग मारू कुठं गं उडी?"

ती तिथेच मांडी घालून बसली. माझ्यासाठी आणलेलं पाणी तिनं स्वतःच पिऊन टाकलं. मग दोघांची जी जुंपली! मी शेंगदाण्यांबद्दल काहीतरी सांगू पाहिलं, तर "बाबा, मध्ये बोलू नका हो." पडद्यावर पंचावन्न उमटले तेव्हा व्याही ओरडले आणि ती हसली; लग्नाआधी आमच्या घरात हसायची तशी, मोकळी. मला आनंद झाला, खरंच झाला. आणि व्याह्यांचा हेवाही वाटला. माझ्या दारात बियाण्याची पिशवी घेऊन आलेला हा माणूस एवढ्यासाठीच तर धडपडत होता. मी निघायचं काढलं. "पुढच्या आठवड्यात येते ना, बाबा," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "आत्ता कुठे आप्पांची गाडी रुळावर आलीय."

मी एकटाच परतलो. दारात ही उभी होती. घरभर बिरड्याचा वास होता. "आणि ती?" हिनं माझ्या मागे बघत विचारलं.

"ती तिच्या घरी आहे," मी म्हणालो.

इतक्या दिवसांत एवढी एकच गोष्ट मला कुणी न समजावता समजली होती. तरी जेवताना तिच्या वाटचं बिरडं मी वेगळं काढून ठेवलं.