आईच्या बाजूचा दरवाजा

विठ्ठलवाडीच्या गॅरेजमधल्या त्या मिस्त्रीचं नाव मी कधी विचारलंच नाही. बाबांच्या वेळच्या आमच्या गाडीचा डावा दरवाजा खाली उतरलेला. उचलून आपटल्याशिवाय लागायचा नाही. "गाडी जुनी झाली, दुसरं काय," मी वैतागून म्हटलं. त्याने दरवाजा हलवून बघितला. "कोणीतरी याला धरून उतरतं," तो म्हणाला.

स्टुलावर बसलेली आई ओशाळली. गुडघ्यांमुळे ती सगळा भार दरवाजावर टाकूनच उतरते.

"मी आता घरीच थांबत जाईन," ती पुटपुटली.

जॅकवर गोणपाटाची घडी ठेवून त्याने दरवाजा हळूच उचलला आणि बिजागरीचे बोल्ट आवळले. मग स्वतः लावून न बघता त्याने आईलाच गाडीत बसवलं.

"मावशी, आता धरून उतरा."

"परत बिघडेल रे."

"बिघडू दे की! दरवाजा परत लावता येतो. तुम्ही पडलात तर?"

आई उतरली, पण जपून, अर्धाच भार टाकत.

"नीट धरा," तो म्हणाला.

सध्या दरवाजा पुन्हा घासायला लागलाय. त्याच्याकडे जायचंय, पण या रविवारी नाही. या रविवारी आईला वर्तकनगरला बहिणीकडे जायचंय.