आधी कीड, मग शाई

मला लिहायची सवय नाही, जमेल असंही वाटत नाही. पण खळकाकांबद्दल दुसरं कुणी लिहिणार नाही.

आमच्या हस्तलिखितांच्या ग्रंथालयात ते जीर्ण पानं दुरुस्त करत. मी शेजारच्या टेबलावरचा कारकून. त्यांच्या बोटांना कायम खळ चिकटलेली, म्हणून हे नाव. मजकूर ते सहसा वाचत नसत. "डॉक्टर काय पेशंटची पत्रं वाचतो?" म्हणायचे.

एकदा सरांनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, तीनशे वर्षांपूर्वीचं म्हणून एक पान आणलं. एका कवीला विष घातल्याची त्याच्याच शिष्याने दिलेली कबुली त्यात होती. सर तिच्यावर रहस्यकादंबरी लिहीत होते. पानाला किडीची भोकं पडलेली. काकांनी ती कागदाच्या लगद्याने अशी बुजवली, की शोधून सापडू नयेत.

मग चहा पिताना मला म्हणाले, "अक्षरं भोकांना वळसा घालून गेली होती बघ. किडीने एकही खाल्लेलं नाही. म्हणजे आधी कीड, मग शाई."

"अहो काका, मग बुजवण्याआधी नाही का बोलायचं?"

"काम दिलं, केलं. डोकं नंतर चाललं."

कादंबरी गाजली. अस्सल पुराव्यावर बेतलेली, असं मुखपृष्ठावर छापलं होतं. काकांना राहवलं नाही, ते बोलले. चौकशी समिती बसली, टिपणं घ्यायला मी होतो. भिंगातून पाहिलं, तर पान एकसंध.

"कारागिरी तुमचीच ना, काका?" सर हसून म्हणाले.

समितीतले एक म्हणाले, "पान भिजवा. लगदा सुटेल."

"कागद विरेल, साहेब."

"तुमच्या मते खोटंच आहे ना ते?"

"शाई खोटी आहे. कागद खरा जुना आहे."

काकांनी पान भिजवलं नाही. माझ्याकडे एकदा पाहिलं. भोकांचं काकांनी मला तेव्हाच सांगितलं होतं, एवढं तरी मी म्हणू शकलो असतो. मी टाचण्यांच्या डबीत बोट फिरवत बसलो.

माफी लिहून द्या, नाहीतर घरी जा, असं ठरलं. निवृत्तीला अकरा महिने होते. मसुदा मीच केला: नजर अधू झाल्यामुळे चूक झाली. काकांनी सही केली.

नजर अधू, हे आता कागदावर आलं होतं. दुसऱ्या दिवशीपासून त्यांना एकही जुनं पान मिळालं नाही. उरलेले अकरा महिने ते नव्या पुस्तकांवर क्रमांकांच्या चिठ्ठ्या चिकटवत होते.