साडूच्या क्लबची वही

साबण कारखान्याच्या फुटबॉल क्लबात हिशेबनीसांना खेळाडू 'कात्री' म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्यांना ते ठाऊक होते आणि मनातून थोडे आवडतही होते. कुठलेही बिल त्यांच्या टेबलावरून जाताना आखूड होऊनच पुढे जाई. बूट फाटले म्हणून नवे मागायला आलेल्या खेळाडूकडून ते आधी जुने मागून घेत, तळवा वाकवून बघत आणि म्हणत, "टाके घालून आणा. अजून अर्धा हंगाम निघेल."

क्लब कारखान्याच्या मालकीणबाईंचा. यजमान गेल्यावर त्यांनी कारखाना सांभाळला आणि त्याच्या शेपटाला बांधून आलेला क्लबही. त्यांना साबणातले सगळे कळे, फुटबॉलमधले काहीच नाही, आणि ही गोष्ट त्या लपवत नसत. नवा खेळाडू घ्यायचा झाला की त्या हिशेबनीसांकडे वळून एवढेच विचारत, "परवडतं का?" ते 'परवडतं' म्हणाले की सही. नाही म्हणाले की विषय संपला, मग प्रशिक्षकाने कितीही आदळआपट करो.

हंगाम संपला की तीन महिने सामने नसत. सामने नाहीत म्हणून तिकिटे नाहीत, पण एकतीस माणसांना पगार हवाच: खेळाडू, प्रशिक्षक, मैदान राखणारा म्हातारा, कपडे धुणारी बाई. त्या तीन महिन्यांसाठी हिशेबनीसांनी बँकेत एक वेगळे खाते ठेवले होते. त्याला ते 'पडीक महिन्यांची रक्कम' म्हणत. एकोणीस वर्षांत एकाचाही पगार एक तारखेच्या पुढे गेला नव्हता. क्लब मात्र एकोणीस वर्षे दुसऱ्या गटातच होता. कधी सहावा, कधी सातवा.

आणि नदीपलीकडे साडूंचा क्लब होता.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. ते तिथे सेक्रेटरी. त्या क्लबचा मालक ट्रकचा धंदा करी आणि दर वर्षी दोन-तीन नवे खेळाडू घेई. क्रीडा पानावर मोठा मथळा, मधे नवी जर्सी धरलेला खेळाडू, एका बाजूला मालक आणि दुसऱ्या बाजूला, अर्धे कापलेले का होईना, साडू. चार वर्षांपूर्वी तो क्लब पहिल्या गटात गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला.

हिशेबनीसांची एक वही होती. ती बायकोलाही माहीत नव्हती. साडूंच्या क्लबने कुणाला किती मोजून घेतले, हे ते वर्तमानपत्रातून काढून त्या वहीच्या डाव्या पानावर उतरवत. उजवे पान सवयीने जमेसाठी सोडलेले असे. ते कोरेच राही. वर्षाअखेर डाव्या पानाची बेरीज करायची, आकड्याकडे जरा वेळ पाहायचे आणि समाधानाने वही कपाटात कपड्यांखाली ठेवायची. एवढी उधळपट्टी किती दिवस चालणार? दर वर्षी त्यांना वाटे, आता बुडतील. दर वर्षी साडू नव्या कोटात दिसत.

रविवारी दोन्ही मुली नवऱ्यांना घेऊन वडिलांकडे जेवायला जात. सासरे शाळेतून निवृत्त झालेले, फुटबॉलचे वेडे. खिडकीजवळची हातांची खुर्ची पूर्वी थोरल्या जावयाची असे. साडूंचा क्लब वर गेल्यापासून ती कधी आणि कशी धाकट्याकडे गेली हे कुणाच्या लक्षात आले नाही. हिशेबनीसांच्या आले होते.

त्या रविवारी जेवताना सासऱ्यांनी साडूंना विचारले, "तुमच्या त्या उंच फॉरवर्डचं काय चाललंय? मागच्या शनिवारी काय गोल मारला त्यानं."

"त्याच्यावर डोळा ठेवून तीन क्लब बसलेत," साडू म्हणाले. "पण आमचे मालक म्हणतात, हातचा जाऊ द्यायचा नाही. म्हणतात, हा गेला की मी गेलो."

"मग हो," सासरे म्हणाले आणि थोरल्याकडे वळले. "असा एक जरी तुमच्याकडे असता ना जावईबापू, तर तुम्हीही आज वर असता."

"भावजी कसले घेतायत," धाकटी मेव्हणी हसत म्हणाली. "ते आधी त्याचे बूट तपासतील."

सगळे हसले. हिशेबनीसांची बायकोसुद्धा हसली, तेही तोंडाला पदर न लावता. हिशेबनीस मान खाली घालून जेवत राहिले.

सोमवारी सकाळी ते मालकीणबाईंच्या खोलीत गेले. तिथे नेहमी ओल्या साबणाचा वास असे आणि टेबलावर नव्या वड्यांचे नमुने.

"बाई, एक फॉरवर्ड घ्यावा म्हणतो."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही म्हणताय?"

"हो. नदीपलीकडचा."

"परवडतं का?"

खरे उत्तर त्यांना पाठ होते. पडीक महिन्यांच्या रकमेतले निम्मे गेले असते. पण क्लब वर गेला तर पुढच्या वर्षी तिकिटे दुप्पट विकली जातील, हे पुढच्या वर्षीचे पैसे त्यांनी मनातल्या मनात याच वर्षी जमेला धरले. शिकाऊ कारकुनाने असे केले असते तर त्याला त्यांनी तास-तास उभे केले असते.

"परवडतं," ते म्हणाले.

पहिल्या पत्राला नकार आला. रक्कम चौथाईने वाढवून दुसरे पत्र गेले, आणि त्याच संध्याकाळी होकार. इतक्या झटपट, की दुसऱ्या कुणाच्या व्यवहारात त्यांनीच भुवई उंचावली असती. पण त्या संध्याकाळी साडूंच्या हातून काहीतरी काढून घेतल्याचा आनंद एवढा होता की ते घरी चालत गेले आणि वाटेत बायकोसाठी फुलदाणी घेतली.

"किंमत किती?" बायकोने विचारले.

"असू दे गं."

तिने त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले.

पुढचे सात सामने स्वर्ग होता. उंच फॉरवर्डने पाच गोल मारले. हिशेबनीस आजवर तिकीटघरात बसून फाडलेल्या तिकिटांचे भाग मोजत. आता ते प्रेक्षकांत उभे राहू लागले. रविवारी सासऱ्यांनी हातांची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली. साडू शेजारच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "चांगला खेळतोय की तुमच्याकडे." त्या आवाजात जळकेपणा शोधायचा हिशेबनीसांनी खूप प्रयत्न केला. सापडला नाही, तेव्हा साडू तो लपवतायत अशी त्यांनी समजूत करून घेतली.

आठव्या सामन्यापासून गोल आटले. फॉरवर्ड एकतिशीचा होता, एक गुडघा पावसाळी दारासारखा कुरकुरे, आणि एव्हाना समोरच्यांना त्याच्या चाली कळल्या होत्या. हंगाम संपला तेव्हा क्लब चौथा आला. वर जात होते पहिले दोन.

शेवटच्या सामन्याला मैदानावर चिखल झाला होता. ओल्या बुटांत जुनी वर्तमानपत्रे कोंबायची क्लबची पद्धत होती. त्यासाठी सामानाच्या खोलीत रद्दी साठवलेली असे. मैदान राखणाऱ्या म्हाताऱ्याला मदत म्हणून हिशेबनीस बसून पाने फाडत होते. क्रीडा विभागाचे मागचे पान हाताला आले. तळाशी, औषधांच्या जाहिरातीजवळ, चार ओळींची बातमी होती: नदीपलीकडच्या क्लबने आपला एक गोलकीपर विकला. रक्कम वाचून त्यांनी चष्मा पुसला. तो पोरगा त्या क्लबने कितीला घेतला होता ते वहीत होते. विकला होता चौपटीला.

त्यांनी पाने फाडायचे थांबवले आणि चाळायला सुरुवात केली. घेतलेला खेळाडू पहिल्या पानावर फोटोसकट. विकलेला आत तळाशी, चार ओळींत. त्यांनी एवढी वर्षे फक्त मथळे उतरवले होते. मागच्या पानापर्यंत जायची गरजच वाटली नव्हती, कारण जे पाहायचे होते ते पुढेच दिसत होते.

"अहो साहेब, बूट तसेच राहिले," म्हातारा म्हणाला.

"तुम्ही घ्या दुसरी रद्दी. ही मला हवी आहे."

घरी वही काढून त्यांनी उजवी पाने भरायला घेतली. सगळे अंक नव्हते, पण सहा वर्षांचे जमले. बेरीज केली, पुन्हा केली. ज्या माणसाला ते उधळ्या म्हणत आले होते, त्याच्या क्लबात खर्चापेक्षा जमा जास्त होती. पोरगे स्वस्तात घ्यायचे, खेळवायचे, भाव चढला की विकायचे. उंच फॉरवर्डची विक्री तर हिशेबनीसांच्याच अक्षरातल्या दोन पत्रांवर झाली होती. त्या पैशांत नदीपलीकडे दोन नवे पोरगे आले होते आणि मैदानावर नवे गवत लावायला घेतले होते.

आणि इकडे पडीक महिन्यांतले सहा आठवडे रिकामे होते.

तीन दिवस त्यांनी आकडे उलटेसुलटे करून पाहिले. चौथ्या दिवशी मालकीणबाईंसमोर उभे राहिले.

"बाई, सहा आठवड्यांचे पगार नाहीत. मी परवडतं म्हणालो, ते खोटं होतं."

"चुकलं, की खोटं?"

"खोटं. साडूंचं डोळ्यांत खुपत होतं."

बाईंनी एका वडीवरचा ठसा बोटाने चाचपला. "कारखान्यातून मी देऊ शकत नाही. तेलाचे भाव माहीत आहेत तुम्हाला. दुसरा कुणी असता तर आज घरी पाठवला असता." मग म्हणाल्या, "मैदान तीन महिने मोकळंच आहे ना आपलं? नदीपलीकडे गवत लावतायत असं ऐकलं. मग ते सराव कुठे करणार? जाऊन विचारा."

"साडूंना?"

"तिथे सेक्रेटरी दुसरं कुणी आहे का?"

एकोणीस वर्षांत ते साडूंच्या कचेरीत कधी गेले नव्हते. मनात ती गालिचा आणि काचेची कपाटे घालून त्यांनी सजवली होती. प्रत्यक्षात एक अरुंद खोली, टेबलाचा एक पाय पुठ्ठ्यावर टेकलेला, भिंतीवर शाळांच्या सामन्यांचे तक्ते. कोपऱ्यात एक निवृत्त ड्रिलमास्तर बसचे वेळापत्रक पाहत होते. पोरगे हेरायला गावोगाव हिंडणे हे त्यांचे काम. खोलीत हेवा करण्यासारखे काही नव्हते, तरी हिशेबनीसांना त्या मास्तरांचा हेवा वाटला. असा माणूस आपल्याला का सुचला नाही?

"बसा," साडू म्हणाले. "त्या रविवारी मी तुम्हाला गळाला लावत नव्हतो, खरं सांगतो. सासऱ्यांपुढे जरा भाव खाल्ला. पण तुमचं दुसरं पत्र आलं तेव्हा मालक म्हणाले, लगेच होकार द्या. मी काय करणार? पगार त्यांचा खातो."

"मी त्यासाठी आलो नाही. मैदान भाड्यानं द्यायचं आहे."

साडूंनी आकडा सांगितला. हिशेबनीसांनी त्यावर चढवून मागितले. साडूंनी खिडकीबाहेर पाहिले आणि "बरं" म्हणाले. चार आठवडे सुटले. उरलेले दोन आठवडे उंच फॉरवर्ड एका लहान क्लबाला विकून भागले. एकतीस पगार एक तारखेला झाले, आणि कुणाला काही कळले नाही.

जिना उतरताना हिशेबनीसांना वाटले, आपण घासाघीस जिंकलो. फाटकापाशी वाटले, त्याने दया केली. पुलावर पोहोचेपर्यंत दयाच खरी ठरली होती.

रविवारी जेवताना सासऱ्यांनी विचारले, "काय, फॉरवर्ड गेला म्हणे? आता कसं करणार?"

हिशेबनीस साडूंकडे पाहत राहिले. आता हा पत्रांचे सांगणार, भाड्याचे सांगणार, सगळे हसणार.

"थोरले बघतायत सगळं नीट," साडू म्हणाले आणि आपल्या बायकोकडे पाणी मागितले.

विषय बदलला. एखादा टोमणा आला असता तर त्याला उत्तर देता आले असते, घरी जाऊन दोन दिवस चडफडता आले असते. या चार शब्दांचे काय करायचे ते त्यांना कळेना. एवढा मोठेपणा परवडतो कसा या माणसाला, असा विचार करत त्यांनी पुढ्यातले संपवले.