परत आलेली सुरई

बिदरच्या कुरियर ऑफिसात त्या बाई मला एकदाच भेटल्या. स्वतः घडवलेल्या बिदरी सुरया त्या इंटरनेटवर विकायच्या. गिऱ्हाइकानं परत पाठवलेलं खोकं त्यांनी काउंटरवरच उघडायला घेतलं आणि आपला मोबाइल देऊन मला फोटो काढायला लावले.

“अक्का, घरी नेऊन उघडा की,” कारकून म्हणाला.

“न्हाई. घरी उघडलं तर माझं कोण खरं मानंल?”

आतून पत्र्याची चेपलेली सुरई निघाली. बाई आपल्या प्रत्येक सुरईच्या बुडाला चांदीच्या तारेचं बारीक पान जडवत. हिला ते नव्हतं. कारकुनानं तसं लिहून शिक्का मारून दिला.

“आता इंटरनेटवर विकणं बंद करणार?” मी विचारलं.

“कामून? लबाडी त्यानं केली. दुकान मी कामून बंद करू?”

त्यांनी पिशवीतून पाठवायची दुसरी सुरई काढली. काळ्याभोर अंगावर चांदीची वेल चमकत होती.

“माझ्या हातची हाय,” बुडाचं पान दाखवत त्या म्हणाल्या.