टँकर दारात आला तेव्हा

आमच्या गावाने लोकशाही बुडवली ती भर ग्रामसभेत, एकमताने, टाळ्या वाजवून.

पाऊस हल्ली भलतंच वागतो. जून-जुलै कोरडे जातात आणि सप्टेंबरात असा कोसळतो की बांध फुटतात, माती वाहून जाते. विहिरी मात्र होळीलाच तळ दाखवतात. मग टँकर. पूर्वी तो गावविहिरीत रिकामा व्हायचा. पोहरे टाकून जो तो पाणी ओढायचा. ढकलाढकली व्हायची, शिव्या व्हायच्या, पण कुणाला वगळता येत नसे. आमच्या शहाण्यांना हे गैरसोयीचं वाटलं. टँकर दारोदार फिरावा, ज्याच्या त्याच्या ड्रममध्ये पाणी पडावं, अशी मागणी त्यांनी ग्रामसभेत हात वर करून केली. टँकरमालकाने ती लगेच मानली. का मानली, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

त्याच उन्हाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद बायकांसाठी राखीव, म्हणून टँकरमालकाने बायकोचा अर्ज भरला. तिच्याविरुद्ध माझी थोरली वहिनी उभी राहिली. वहिनीने भावाबरोबर वर्षानुवर्षं ऊस तोडलेला. तिच्या टोळीतल्या, आमच्याच गल्लीतल्या बायकांनी तिला चढवलं होतं, "तू उभी ऱ्हा, आमी हावोत." तिचं म्हणणं एवढंच होतं की टँकर पुन्हा विहिरीत रिकामा व्हावा.

अर्ज भरला आणि दुसऱ्या दिवसापासून टँकर आमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरू लागला. ड्रायव्हर म्हणाला, आत रस्ता लई अरुंद हाय. आदल्या दिवशीपर्यंत तो पुरत होता.

चार-दोन दिवसांत त्याच बायका रिकामे हंडे घेऊन वहिनीच्या दारात आल्या. टँकरमालकाच्या दारात जायची एकीचीही छाती झाली नाही.

"मागं घे बाई अर्ज. लेकरं तहानलीत."

"तुमीच उभं केलंत ना मला?"

"तवा पानी येत व्हतं."

वहिनीने पदर सारखा केला आणि तालुक्याला जाऊन अर्ज मागे घेतला. टँकरमालकाची बायको बिनविरोध निवडून आली. गावाने एकीचा आदर्श घालून दिला, असं भाषण त्याने चौकात ठोकलं. बायको डोक्यावर पदर घेऊन शेजारी उभी, हार मात्र याच्या गळ्यात. टाळ्या वाजवणाऱ्यांची मला कीव आली नाही, किळस आली.

त्या संध्याकाळी टँकर गल्लीत शिरला. ड्रायव्हर पाइप ओढत सगळ्यांत आधी वहिनीच्या ड्रमकडे आला. वहिनीने ड्रमवर झाकण ठेवलं आणि त्यावर बसली.

"माझा न्हाई भरायचा."

ड्रायव्हर पाइप धरून तसाच उभा राहिला. मागे गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. मला वाटलं, आता तरी एखादी मान खाली घालेल. तेवढ्यात, तिला उभं करणाऱ्यांपैकीच एक मागून म्हणाली, "तिला नको तर तिच्या वाटचं आमच्या ड्रमात टाक की."